रस्ता कुणाच्या बापाचा? सायकलस्वार, वाहनचालक आणि संविधानाचे कलम १५

"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" हा प्रश्न आपल्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही दिवसभर ऐकू येतो. बहुतेक वेळा तो गाडीच्या खिडकीची काच खाली करून विचारला जातो, आणि ज्याला विचारला जातो तो सायकलवर असतो. सायकलवाला उत्तर देत नाही. तो आणखी डावीकडे सरकतो, जिथे खचलेली साईडपट्टी, गटाराचे झाकण आणि वाळूचा थर असतो.

पण या प्रश्नाचे उत्तर लेखी आहे. भारतीय संविधानाच्या कलम १५ मधील दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या सोबतीने 'रस्ते' हा शब्द आला आहे. सरकारी पैशातून ज्याची देखभाल होते किंवा जे सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेले आहे, त्याच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे कुणावरही निर्बंध घालता येणार नाही, असे ते कलम सांगते. चवदार तळ्याच्या इतिहासामुळे आपण या कलमातले पाणी लक्षात ठेवतो. रस्ता मात्र विसरतो.

संविधानात हा शब्द उगाच आलेला नाही. त्रावणकोर संस्थानात अय्यंकाली यांनी १८९३ मध्ये बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचे धाडस केले, कारण त्या रस्त्यावर त्यांच्या जातीच्या माणसाला मज्जाव होता. महाडच्या तीन वर्षे आधी, ३० मार्च १९२४ रोजी सुरू झालेला वैकमचा सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता, तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. १९२५ मध्ये तडजोड झाली तेव्हाही तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा बंदच राहिला. आणि सायकलीचेच बोलायचे तर तामिळनाडूतील अनेक गावांत दलितांनी सवर्ण वस्तीतून सायकल चालवायची नाही, उतरून हातात धरून न्यायची, हा नियम स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके पाळून घेतला गेला. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. सायकलवर बसलेला माणूस उंच दिसतो आणि वेगाने जातो, एवढाच त्याचा गुन्हा होता.

आजच्या महामार्गावर जातीची पाटी नाही. कारवाला सायकलवाल्याची जात विचारून हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणणे इतिहासावर अन्याय करणारे होईल. पण आजही सायकलने कामाला कोण जातो, हे पाहिले तर रस्त्यावरच्या भांडणाचा अर्थ बदलतो.

सायकलवर कोण आहे?

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात, हे विचारले होते. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. कार, जीप, व्हॅनने जाणारे तीन टक्क्यांपेक्षाही कमी होते. त्याच जनगणनेनुसार देशातील दर १०० कुटुंबांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती आणि कार पाचपेक्षा कमी कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारसायकली खूप वाढल्या, चित्र बदलले आहे. पण पहाटे पेपर टाकणारा, रात्रपाळी संपवून येणारा वॉचमन, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, डबे पोहोचवणारा, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा, यांची सायकल सुटलेली नाही. पेट्रोल आणि हप्ता दोन्ही परवडत नाहीत, म्हणून ती टिकून आहे.

रविवारी सकाळी हेल्मेट घालून लाखभराची सायकल चालवणारे लोकही रस्त्यावर असतात. त्यांच्याशी आपले वैर नाही; वर्तमानपत्रात सायकलीची बातमी येते ती बहुधा त्यांच्यामुळेच. पण सायकलचे धोरण त्यांना समोर ठेवून ठरले, तर ट्रॅक नदीकाठी आणि बागेत होतो. वस्तीतून कारखान्याकडे जाणारा रस्ता तसाच राहतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यात ३२,८२५ पादचारी आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलने धडक देऊन कुणा कारवाल्याचा जीव घेतला, असे उदाहरण शोधून सापडणार नाही. दोघांच्या भांडणाकडे 'दोघांनीही समजूतदारपणा दाखवावा' अशा भाषेत पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

भांडण होते कसे?

मुळात हा वेगाचा आणि वजनाचा प्रश्न आहे. सायकल साधारण ताशी १२ ते १५ किलोमीटरने चालते, माणसासकट वजन ८०-९० किलो. शेजारून जाणारी कार हजार किलोच्या पुढे आणि तिला ५०-६० चा वेग हवा असतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी कार सेकंदाला आठ मीटरहून थोडे जास्त अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ती १३-१४ मीटरवर थांबते. वेग ६० असेल तर थांबायला ३५ मीटरहून अधिक लागतात. आणि धडक झालीच तर त्यातली ऊर्जा चौपट असते. म्हणून दोन्ही वाहने एकाच पट्ट्यात चालवायची असतील तर वेग खाली आणावा लागतो, आणि वेग खाली आणायचा नसेल तर पट्टा वेगळा द्यावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक रस्ते यातले काहीच करत नाहीत. ते रुंद होतात, गुळगुळीत होतात, आणि सायकलवाल्याला कडेला सोडून देतात.

कडेला म्हणजे नेमके कुठे, तेही पाहू. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सायकल सगळ्यात डावीकडे. डावीकडे वळणारी प्रत्येक गाडी तिच्या समोरून वळते. बस थांब्यावर यायला डावीकडेच घुसते. कडेला उभ्या केलेल्या कारचा दरवाजा मागे न बघता उघडला की सायकलवाला थेट दरवाजावर किंवा त्याला चुकवताना मागच्या गाडीखाली. ट्रक आणि डंपरचा चालक उजवीकडे बसतो, डाव्या चाकाजवळचा मोठा भाग त्याला दिसतच नाही. पूर्वी क्लीनर डाव्या दाराशी बसून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारायचा, 'थांब, सायकल आहे' असे ओरडायचा. पगार वाचवायला अनेक मालक आता क्लीनर ठेवत नाहीत. त्या वाचवलेल्या पगाराची किंमत कोण मोजतो, हे सांगायला नको.

आता चालकाची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती सगळीच खोटी नाही. सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर नसतो, अंधारात समोरच्या गाडीच्या अप्परमुळे डोळे दिपलेले असताना सायकल दिसतच नाही. खड्डा चुकवायला सायकलवाला मागे न बघता अचानक उजवीकडे येतो. उलट दिशेने येणाऱ्या सायकली तर रोजच्या. या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र त्यातल्या बऱ्याच रस्त्याच्या रचनेतून आल्या आहेत. दुभाजकातली फट दीड किलोमीटरवर असेल तर पायाने पेडल मारणारा माणूस दीड किलोमीटर जाऊन तेवढाच परत येणार नाही, तो उलट्या बाजूने दोनशे मीटर जाईल. खड्डा डावीकडे आहे कारण पाणी डावीकडे साचते आणि डांबराचा थर तिथे पातळ असतो. आणि रिफ्लेक्टर पन्नास-शंभर रुपयांत येतो, तो मात्र आपण लावलाच पाहिजे. यावर दुमत नको.

आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. टेम्पोचा, डंपरचा, कॅबचा चालक हा बहुधा सायकलवाल्याच्याच वस्तीतला असतो. त्याच्यावर खेपांचा हिशेब असतो, ॲपवर मिनिटे मोजली जातात, ऊसाच्या ट्रॅक्टरला कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा असतो. अरुंद रस्त्यावर दोन कष्टकरी एकमेकांना शिव्या घालतात, आणि ज्याने रस्ता असा बांधला आणि ज्याने खेपा ठरवल्या, ते दोघेही तिथे नसतात.

दिल्लीत काय घडले?

हे भांडण न्यायालयात गेले तेव्हा त्याचे खरे रूप दिसले. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर बीआरटी सुरू झाली. आयआयटी दिल्लीच्या प्रा. दिनेश मोहन आणि प्रा. गीतम तिवारी यांचा त्या आखणीत मोठा वाटा होता. रस्त्याच्या मध्यभागी बससाठी वेगळी मार्गिका, मग इतर वाहने, आणि कडेला सायकलसाठी व चालण्यासाठी स्वतंत्र जागा. एका टोकाला आंबेडकर नगर, म्हणजे दक्षिणपुरी-मदनगीर परिसरातल्या पुनर्वसन वसाहती. वाटेत दक्षिण दिल्लीच्या श्रीमंत कॉलन्या. या रस्त्यावर बसची संख्या वाहनांमध्ये अगदी थोडी होती, पण जवळपास निम्मे प्रवासी त्या बसमध्येच होते.

उद्घाटनापासूनच वर्तमानपत्रे आणि वाहिन्यांवर कारवाल्यांचा संताप सुरू झाला. बसची मार्गिका रिकामी दिसते आणि आम्ही कोंडीत अडकतो, हा त्यांचा मुद्दा होता. बस मार्गिका रिकामी दिसत असे कारण ती चालत होती, एवढे साधे उत्तर होते. पण ते टीव्हीवर दिसत नाही. सायकल मार्गिकेत मोटारसायकली शिरू लागल्या, आणि मग सायकल मार्गिकाही 'अपयशी' ठरवली गेली. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. कारमधून जाणारे लोक संपत्ती निर्माण करणारे आहेत, त्यांचा वेळ वाया जाणे म्हणजे देशाचे नुकसान, असा युक्तिवाद त्यात होता. बाकीचे लोक काय निर्माण करतात, हा प्रश्न याचिकाकर्त्यांना पडला नव्हता!

ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. रस्त्याची जागा माणसांच्या हिशेबाने वाटायची की गाड्यांच्या, या वादात सरकारचे धोरण चुकीचे ठरवायला न्यायालयाने नकार दिला. कायद्याच्या मैदानात गरीब प्रवाशांची बाजू टिकली. पुढे काय झाले? २०१५ मध्ये दिल्ली सरकारने तो मार्ग काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ च्या सुरुवातीला तोडकाम सुरू झाले. न्यायालयात जिंकलेली जागा राजकारणात गेली, कारण कारवाले संघटित होते, बोलत होते, दिसत होते. बसमधले आणि सायकलवरचे लोक त्या वेळी कामावर होते.

कोलकात्यात तर याहून सरळ मार्ग निवडला गेला. तिथल्या पोलिसांनी २००८ पासून काही रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली आणि २०१३ मध्ये ती यादी १७४ रस्त्यांपर्यंत नेली. दूधवाले, पेपरवाले, हातगाडीवाले यांना दंड होऊ लागला. लोकांनी आंदोलने केल्यावर यादी कमी करून ६२ वर आली. कारण एकच दिले गेले: सायकलींमुळे वाहतूक संथ होते. म्हणजे सायकल ही वाहतूक नाहीच, वाहतुकीतला अडथळा आहे, हे गृहीत धरले गेले.

मुलीला सायकल दिली, रस्ता?

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. योजना चांगली आहे. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा नववी-दहावीच्या वयाच्या मुलींची शाळेतली पटनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शिक्षणाचा हक्क चाकांवर येतो, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

पण त्या मुली ज्या रस्त्याने जातात त्याकडे कोण बघतो? राज्यमार्ग चौपदरी होतो, गावाजवळचा जुना पूल तसाच राहतो. हिवाळ्यात दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, बाकी वर्षभर वाळू-मुरमाचे हायवा. साईडपट्टी डांबरापासून अर्धा फूट खाली, एकदा चाक उतरले की परत चढत नाही. मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला की मुली सायकलीवरून उतरून उभ्या राहतात. एखादा अपघात झाला की आजूबाजूच्या चार गावांतल्या आई-बापांनी मुलींची शाळा बंद करायला वेळ लागत नाही. आपल्या वस्त्या बऱ्याचदा गावाच्या कडेला आणि शाळेपासून लांब असतात, त्यामुळे याचा फटका कुणाच्या मुलींना आधी बसतो हे वेगळे सांगायची गरज नाही.

पुण्याची गोष्ट थोडक्यात. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे हे शहर. महापालिकेने २०१७ च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, शेकडो किलोमीटरच्या मार्गांचा. त्याआधी बीआरटीच्या रस्त्यांवरही सायकल ट्रॅक झाले होते. आज अशा ट्रॅकवर डीपी, पार्किंग, स्टॉल आणि राडारोडा पाहायला मिळतो. मध्येच ट्रॅक संपतो आणि सायकलवाला पुन्हा बसच्या समोर. मग चालक ओरडतो, 'ट्रॅक दिलाय ना, तिकडे जा.'

नेदरलँड्सचे नाव घेतले की 'त्यांची संस्कृतीच सायकलची' असे ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही रस्ते कारसाठी रुंद झाले आणि सायकली हटत गेल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अशा अपघातात गेली त्या एका पत्रकाराने लेख लिहिला, त्यातून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाचे आंदोलन उभे राहिले. आई-बापांनी मुलांसह रस्ते अडवले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारवर आणखी दबाव आला. आज जे सायकल मार्ग फोटोत दिसतात ते त्या आंदोलनातून आलेले आहेत.

अपघात झाला तर

हा भाग कार्यकर्त्यांनी नीट वाचावा, कारण वस्तीतून फोन आपल्यालाच येतो.

जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या व्यक्तीला निर्धारित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळायला हवेत. रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर ही योजना नावानिशी सांगा आणि पोलिसांना तिथे बोलवा.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, म्हणून काही मिळणार नाही असे समजून बहुतेक कुटुंबे गप्प बसतात. कलम १६१ नुसार अशा वेळी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो. इतके कमी लोक हा दावा करतात की जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर चिंता व्यक्त करावी लागली आणि पोलिसांनी स्वतः कुटुंबांना ही माहिती द्यावी, असे निर्देश द्यावे लागले.

गाडी सापडली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिवसकार्य उरकल्यावर बघू, असे करू नका. विमा कंपनीचा वकील हमखास म्हणेल की सायकलला दिवा नव्हता, चूक सायकलस्वाराचीही होती, आणि भरपाई कमी करायला लावेल. म्हणून पहिल्याच दिवशी जागेचे फोटो काढा: खड्डा, साईडपट्टी, बंद पथदिवा, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा. ठाण्यात 'आपसात मिटवा' म्हणतील. जखमी माणूस शुद्धीवर यायच्या आत त्याच्या नातेवाइकांची सही घेऊन मिटवलेली प्रकरणे थोडी नाहीत. रस्ता चुकीचा बांधल्यामुळे किंवा देखभाल न केल्यामुळे मृत्यू झाला, तर कलम १९८अ नुसार ठेकेदार व संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फारसे कुणी वापरत नाही.

आत्ता काय करता येईल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली पादचारी आणि इंजिन नसलेली वाहने यांच्याबाबतचे नियम सहा महिन्यांत करावेत. हे कलम दुधारी आहे. त्याच अधिकारात सायकलसाठी संरक्षित जागा सक्तीची करता येते, आणि त्याच अधिकारात कोलकात्यासारखी बंदीही घालता येते. कुठले वळण लागेल ते नियम कोण वाचतो आणि हरकती कोण नोंदवतो, यावर ठरेल. या कायद्याखालचे नियम आधी मसुदा प्रसिद्ध करूनच करावे लागतात, तशी कलम २१२ ची अट आहे. म्हणजे हरकतींसाठी मुदत मिळते.

रविवारी विहारात धम्मवंदनेनंतर अर्धा तास काढला तरी एक काम होऊ शकते. वस्तीतले किती जण सायकलने कामाला जातात, किती मुली सायकलने शाळेत जातात, कुठल्या रस्त्याने, आणि त्या वाटेवर धोक्याच्या जागा कोणत्या, याची यादी. नावे, वेळा, ठिकाणे, फोटो. ही यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लेखी द्या, पोच घ्या. शाळेजवळ वेगमर्यादा कमी करण्याची मागणी करा. कलम ११२ नुसार तसा अधिकार सरकारला आहे. साईडपट्टी भरणे, पुलाच्या कडेला सायकल जाईल एवढी जागा, शाळा सुटायच्या वेळी हायवांना बंदी, या मागण्या कोट्यवधींच्या नाहीत. आणि तिची एक प्रत जपून ठेवा, परिवहन विभागाचा मसुदा येईल तेव्हा हरकतीला जोडायला.